विजय दिवशी पाय गमावलेल्यांनाही पुढची खुर्ची द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दर १६ डिसेंबरला, विजय दिवशी, सकाळी मी घोरपडीजवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर जाऊन येतो. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यासाठी माझा हात आपोआप जोडला जातो. ते पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचे अधिकारी, जन्म पुण्यातलाच. १९७१ च्या १६ डिसेंबरला, ज्या दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या त्याच दिवशी, बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा न सोडता ते लढत राहिले आणि कामी आले. वय एकवीस. मीही तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात नुकता कामाला लागलो होतो.

पाकिस्तानशी झालेल्या त्या युद्धात आपले सुमारे ३,८०० जवान शहीद झाले आणि ९,८०० हून अधिक जखमी. शहिदांची नावं आपण वाचतो, वाचलीच पाहिजेत. हे पत्र दुसऱ्या आकड्यातल्या माणसांसाठी आहे.

१९७२ उजाडलं आणि आमच्याकडे सुरुंगात पाय गेलेली पोरं येऊ लागली. माण तालुक्यातला एक शिपाई माझ्या कायमचा लक्षात राहिला. पश्चिम आघाडीवर शकरगढकडच्या सुरुंगक्षेत्रात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावर, प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून आम्ही माप घ्यायचो. प्लॅस्टर घट्ट होताना आतून गरम लागतं. मी म्हटलं, ‘भाजतंय का?’ तो म्हणाला, ‘ते राहू दे. हा पाय चिखलात चालंल का? पेरणीला जायचंय.’ लाकडाचा आणि चामड्याच्या पट्ट्यांचा तो पाय चिखलासाठी नव्हता. मला खरं सांगवेना, मान खाली घालून कानस चालवत राहिलो.

तो पेरणीला गेलाच. पट्टे कुजले, कातडं सोललं, तेव्हा पुन्हा पुण्याला आला. स्टंप वर्षांगणिक बारीक होतो, जुना पाय सैल पडतो, मग नवं माप, नवा साचा, पुन्हा कठड्याला धरून चालायचा सराव. माझ्या नोकरीत तो पाच वेळा आला. दर वेळी केस थोडे आणखी पांढरे. एकदा म्हणाला, ‘रात्री अंगठ्याला खाज सुटते ओ, आणि अंगठा तर तिकडं राहिला.’ युद्ध तेरा दिवसांत संपलं असं आपण शाळेत शिकवतो, ते त्याच्यापुरतं खरं नव्हतं.

मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी सुरुंगाने चिंधड्या झालेला स्वतःचा पाय खुकरीने तोडला आणि पुढे कृत्रिम पायावर पलटणीचं नेतृत्व केलं, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं, तेही उशिरा का होईना लोकांपर्यंत पोचलं. दोघांना माझा मुजरा. पण ज्याने पदक आणलं नाही, पलटण चालवली नाही, नुसती चार एकर जिरायत कसली आणि मुलींची लग्नं लावून दिली, त्याचा पाय काही कमी मोलाने गेला नव्हता.

गेल्या वर्षी आमच्याच भागातल्या एका सत्कार समारंभाला गेलो होतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका माजी सैनिकाला मंचावर बोलावलं. चालीवरून मला लगेच कळलं की उजवा पाय मांडीपासून बसवलेला आहे. मंचाला पाच उंच पायऱ्या, कठडा नाही. निवेदक माइकवरून ‘या, या, लवकर या’ म्हणत होता. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना बसवलेला आधी, हे आम्ही प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात शिकवायचो. शाल-श्रीफळ दोन्ही हातांत घेऊन ते उतरायला लागले आणि वरच्या पायरीवर थांबले. धरायला हातच मोकळा नव्हता. मी धावलो, नारळ घेतला. ते हळूच म्हणाले, ‘सवय आहे हो.’ मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून शहरात विजय दिवस साजरा करणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जखमी सैनिकाला वर बोलावू नका, तुम्ही खाली उतरून त्याच्याजवळ जा. पाहुण्यांच्या आधी त्याची खुर्ची पहिल्या रांगेत, कडेला मांडा, म्हणजे पाय लांब करता येतो. पलटण कोणती, कुठे लागलं, हे विचारा. बोलावंसं वाटलं नाही तर नुसते शेजारी बसा. आणि मंच उभारायचाच असेल तर त्याला कठडा लावा. कुणाला माणूस मिळत नसेल तर मी येईन. हत्यारं अजून घरात आहेत.

आपला,
एक निवृत्त कारागीर, वानवडी, पुणे