अभ्यासिकेतल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. दादरच्या अभ्यासिकेत खिडकीजवळ पीएच.डी.चे कागद पसरून बसायचात, त्या तुम्ही.

एम.ए.ला येईपर्यंत निबंध कसा लिहायचा हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. शाळेत 'पावसाळ्यातील एक दिवस' पाठ करून उतरवला. कॉलेजात शेरे मिळाले : 'विस्कळीत', 'मुद्देसूद लिहा'. मुद्देसूद म्हणजे नक्की काय करू, असं विचारलं की सर घड्याळाकडे बघायचे.

1982च्या गिरणी संपावरचा माझा पेपर ताडदेवच्या 1854च्या पहिल्या गिरणीपासून निघाला होता. संपापर्यंत पोचेस्तोवर वाचणाऱ्याचा जीव जायचा. तुम्ही तो अख्खा वाचलात, पण एक अक्षर खोडलं नाहीत. कागद पालथे घातलेत आणि म्हणालात, "आता यात बघू नकोस. तुला काय म्हणायचंय ते मला सांग."

मी अडखळत सांगितलं. भांडण नुसतं पगार-बोनसचं नव्हतं. 1946च्या कायद्यामुळे गिरणी कामगारांच्या वतीने मालकांशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि ती युनियन बहुतेकांना आपली वाटतच नव्हती. म्हणून ते कामगार नेते दत्ता सामंतांकडे गेले, आणि सुमारे अडीच लाख माणसं वर्ष उलटलं तरी तग धरून राहिली. मी बोलत असताना तुम्ही लाइटबिलाच्या पाठीवर भराभर खरडत होतात. मला वाटलं, चुका टिपताहेत. बिल माझ्यापुढे सरकवलंत तर त्यावर माझंच बोलणं, माझ्याच शब्दांत. मधला 'म्हणजे ना'सुद्धा सोडला नव्हतात! एका वाक्याखाली रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, "इथून सुरू कर."

ताडदेव गेलं, कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. 'असे म्हटले जाते' दिसलं की तुमची पेन्सिल समासात विचारायची, "कोण म्हणतं?" मालकांचा सगळ्यात दमदार मुद्दा आधी तूच मांड, हेही तुमचंच. त्यामुळे गिरण्या आधीपासूनच आजारी होत्या, यंत्रमागांपुढे टिकत नव्हत्या, हे मला लिहावं लागलं, आणि त्याला उत्तर शोधताना घाम फुटला.

मदत करणारे पुष्कळ भेटतात. सीनियर जुने पेपर पाठवतात, कोणी चार ओळी लिहूनही देतं. पण समोरच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे असं धरून चालणारी, त्याचं ऐकून घेणारी माणसं कमीच. तीही स्वतःचा प्रबंध डोक्यावर असताना!

मार्क चांगले पडले. घड्याळवाल्या सरांनी पेपर वर्गात वाचून दाखवला, आता बोला!

तुमचा प्रबंध जमा झाला का? ओपन व्हायवा असेल तेव्हा कळवा. मागच्या बाकावर येऊन बसेन.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची