तंबोरा मोबाइलमधला

संपादक महोदय,

परवा शहरातल्या एका मैफलीला गेलो होतो. गायिका तयारीची, तबलाही सुरेख. पण मागे तंबोरा नव्हता, मोबाइलमधल्या तंबोऱ्याचा आवाज ऐकवणारा स्पीकर होता. ज्या कोल्हापूरच्या दरबारात शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, तिथे ही कळा! बरं, तंबोरे घडवणारं मिरज इथून जेमतेम ५० किलोमीटरवर. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

माझी मुलगी सतार शिकते. जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याची घडण, बिघडली की आम्ही मिरज गाठतो. कारागीर घोडीचा माथा कानशीने जरासा घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. केसभर जास्त घासलं तरी आवाज बसतो. तंबोऱ्यात तारेखालचा दोरा नेमक्या जागी सरकला की जो झंकार उठतो, तो स्पीकरमधून कसा यायचा? शिवाय चार तारा स्वतः जुळवल्याशिवाय शिकणाऱ्या पोरांचा कान तयार होणार कसा?

आयोजकांनी दोन तंबोरे आणि ते धरणाऱ्या विद्यार्थ्यांचं मानधन खर्चात धरावं. हारतुरे, शाली थोड्या कमी झाल्या तरी चालतील.

– एक श्रोता, मंगळवार पेठ, कोल्हापूर