रविवारच्या फोनआधी

फ्रीमॉंट, कॅलिफोर्निया

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही चिडलात आणि मी 'नेटवर्क गेलं' म्हणून फोन ठेवला. नेटवर्क गेलं नव्हतं. म्हणून हे पत्र. दादा छापून देईल, अक्षर मोठं करून.

'पोरीला गणित शिकवा, विज्ञान शिकवा. कोणी कोणावर अन्याय केला ते उगाळून काय मिळणार?' ओवीच्या शाळेतल्या 'एथनिक स्टडीज' या विषयाबद्दल हे तुमचं म्हणणं. खरं सांगू? दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. एथनिक स्टडीजच्या सक्तीविरुद्ध बोलायला शाळा मंडळाच्या बैठकीला गेले होते. दोन तास रांगेत उभी राहिले, बोलायला मिळालं एक मिनिट. प्रास्ताविक संपायच्या आत माइक बंद. (तुमचीच लेक, प्रास्ताविक लांबणारच.)

हा विषय म्हणजे इथल्या काळ्या, मेक्सिकन, मूळनिवासी आणि आशियाई लोकांचा इतिहास, त्यांच्या बाजूने सांगितलेला. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या मुलांनी त्यासाठी जवळजवळ पाच महिने संप केला, तेव्हा कुठे तिथे वेगळा विभाग निघाला. पुढे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: २०३० मध्ये बारावी होणाऱ्या मुलांपासून, एक सत्र हा विषय केल्याशिवाय हायस्कूलचा दाखला नाही. पण त्यात मेख होती. सरकारने पैसे दिले तरच सक्ती. २०२५ च्या अर्थसंकल्पात पैसे आलेच नाहीत, त्यामुळे ठेवायचा की काढायचा हे ज्या त्या गावच्या मंडळावर आलं. आमच्याकडे नववीला ठेवलाय.

भांडण 'शिकवावं का' यापेक्षा 'कोणाचं शिकवावं' यावर जास्त झालं. २०१९ मध्ये अभ्यासक्रमाचा पहिला मसुदा आला तेव्हा ज्यू लोक भडकले, की आमच्याविरुद्धच्या द्वेषाबद्दल यात धड काही नाही आणि इस्रायलबद्दल मात्र एकतर्फी आहे. मग आर्मेनियन, शीख, हिंदू, सगळेच 'आम्ही कुठे?' विचारायला लागले. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात त्यातल्या बऱ्याच जणांची सोय लागली. लग्नपत्रिकेसारखंच झालं, एक काका राहिला की रुसवा. काही शिक्षक स्वतःची मतं अभ्यासक्रम म्हणून खपवतील ही भीतीही मला खोटी वाटत नाही. ओवीची वही मी अजून दर आठवड्याला चाळते.

माझं मत हललं ते त्या वहीमुळेच. धडा गदर पक्षावर होता, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकेतल्या भारतीयांच्या पक्षावर. १९१३ मध्ये त्यांचं कार्यालय सॅन फ्रान्सिस्कोत होतं, इथून गाडीने तासाभरावर. धड्यात बहुतेक नावं पंजाबी. शोधता शोधता ओवीला एक नाव सापडलं आणि ती स्वयंपाकघरात ओरडतच आली, "आई, तळेगाव ढमढेरे आबांच्या गावाजवळ आहे ना?" दाभाडे नव्हे, ढमढेरे! विष्णू गणेश पिंगळे. इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत आला, गदरमध्ये गेला, परत जाऊन मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी. तुम्ही शिक्षक, तुम्हाला माहीत असणार. मी शिरूरच्या एसटीतून तळेगावावरून शेकडो वेळा गेले, मला माहीत नव्हतं. माझ्या लेकीने ते कॅलिफोर्नियात बसून मला सांगितलं. त्याच आठवड्यात ती भगतसिंग थिंदचं वाचत होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, तरी १९२३ मध्ये इथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. माझा पासपोर्ट कपाटात कुठल्या फाइलमध्ये आहे ते मी उगाचच उठून बघून आले.

आता खरं काम सांगते. तिला प्रकल्प मिळालाय, आजी-आजोबांची मुलाखत. प्रश्न तिचे तिने काढलेत. तिसरा असा आहे: 'गावातल्या आडावर कोण पाणी भरायचं आणि कोण नाही?'

बाबा, 'तेव्हा तसलं काही नव्हतं' असं म्हणू नका. आईने मला एकदा सांगितलंय. वाड्यामागच्या आडापाशी एक बाई मडकं घेऊन उभी राहायची, कोणीतरी वरून ओतेपर्यंत. उन्हात कधी अर्धा तास. आईला तिचं नावही आठवत होतं. तुम्ही मध्येच पेपरातलं काहीतरी वाचून दाखवायला लागलात. २०२३ मध्ये इथे जातीच्या भेदभावाविरुद्धचं विधेयक मंजूर झालं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ते सही न करता परत पाठवलं, तेव्हा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'आपल्याकडे कुठे आहे जात' म्हणून रण पेटलं होतं. मी एक शब्द लिहिला नाही. त्या मडक्याची आठवण येत होती, तरी नाही.

पिंगळ्यांचं सांगाल ते ती आनंदाने लिहून घेईल. आडाचंही सांगा. आई, त्या बाईचं नाव तूच सांग, त्यांना अडवू देऊ नकोस.

फोन रविवारी सकाळी साडेआठला करू, आमचा शनिवार रात्रीचे आठ. चहा उरकून घ्या. बाबा, कानाचं यंत्र लावून बसा आणि त्याची बॅटरी आदल्या दिवशी बदला. मागच्या वेळी ओवी पाच मिनिटं नुसती 'आबा, ऐकू येतंय का?' करत होती.

तुमची,
माई