लॉकर घेतला आहे, रागावू नका

पुणे, 15 मे 2025

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा आंब्यांच्या पेटीची चौकशी करून फोन ठेवला, म्हणून आता लिहीत आहे. सांगलीतच, विश्रामबागेतल्या बँकेत मी लॉकर घेतला आहे. वर्षाचे 3000 रुपये भाडे आणि बँकेने मागितलेली मुदत ठेव, दोन्ही माझ्या खात्यातून गेले आहे. बाबा, तुम्हाला न विचारता हे केले याची मला टोचणी आहे, पण विचारले असते तर तुम्ही ‘पाडव्यानंतर बघू’ म्हणाला असतात आणि पाडवा तर केव्हाच होऊन गेला.

गावभागातले घर सोडा, असे मी म्हणत नाही. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा बोटीत बसताना तुम्ही दागिन्यांचा डबा छातीशी धरला होता आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी माळ्यावरच राहिली होती. माईआत्या ती गोष्ट अजून हसून सांगते. मला मात्र तेव्हाही हसू आले नव्हते. मोतीबिंदूचे ऑपरेशन दोनदा पुढे गेले तेही ‘घर उघडे कसे टाकायचे’ याच कारणाने. पंचवीस तोळे सोन्याची राखण करण्यात तुमचे डोळे जावेत, हे मला पटत नाही.

आणि आई, दिवाळीत मोहनमाळ दोन दिवस सापडली नाही आणि शेवटी सांडग्यांच्या डब्यात निघाली, त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही. तू विसरलीस असे नाही, जागाच फार झाल्या आहेत. तांदळाची कोठी, गोदरेजचा चोरकप्पा, देवघराचा खालचा खण, इतक्या जागा तर माझ्याही लक्षात राहिल्या नसत्या.

बाबा, तुमची शंका मला ठाऊक आहे. मोरारजी देसाईंच्या 1963 च्या, चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी घालणाऱ्या आदेशाच्या आणि त्यानंतरच्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या गोष्टी तुम्ही आजीकडून इतक्या ऐकल्या आहेत, की सोने बँकेत नेले म्हणजे सरकारला दाखवले असे तुम्हाला वाटते. तो कायदा 1990 मध्येच रद्द झाला. आयकर खात्याच्या 1994 च्या सूचनेप्रमाणे झडती झाली तरी विवाहित स्त्रीचे 500 ग्रॅमपर्यंतचे आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. शिवाय लॉकरमध्ये आपण काय ठेवले, याची बँक यादी करत नाही. ती यादी आपण करायची आहे आणि अक्षय्य तृतीयेला आले होते तेव्हा आईकडून निम्मी मी करूनही घेतली. जुन्या पाटल्यांवर हॉलमार्कचा सहा अंकाक्षरांचा क्रमांक नाही, म्हणून त्या बाद ठरत नाहीत. एकही दागिना मोडायचा नाही, आजीचे तोडे तर मुळीच नाहीत.

लॉकर म्हणजे सगळी काळजी मिटली, असेही मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट, म्हणजे आपल्या बाबतीत तीन लाख, आणि तोळ्याचा भाव गेल्या महिन्यात लाखाला टेकला. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तर बँक सहसा जबाबदार नसते, म्हणूनच मी घराजवळची शाखा सोडून विश्रामबागेतली, आणि तीही पहिल्या मजल्यावरची पाहिली. उरलेल्या रकमेसाठी दागिन्यांचा वेगळा विमा मी उतरवत आहे. तिथे लिफ्ट आहे, बाबा, गुडघ्यांची काळजी करू नका.

आई, तुझे रोजचे मंगळसूत्र, कुड्या आणि दोन बांगड्या तुझ्या अंगावरच राहतील. देवाची चांदी आणि बाबांचा पाण्याचा चांदीचा पेला घरातच राहील. त्या पेल्याशिवाय बाबांची गोळी घशाखाली उतरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. गोवर आला होता तेव्हा तुम्ही मलाही त्यातूनच पाणी पाजले होतेत, बाबा. गौरीच्या आधी आपण जाऊन नथ आणि लक्ष्मीहार काढून आणू, म्हणजे वर्षातून एकदा तरी लॉकर उघडलाही जाईल, कारण सात वर्षे बंद राहिला तर भाडे भरलेले असूनही बँक तो उघडू शकते.

आता ऐका, आणि ‘पोर शिकवते’ म्हणू नका. चांदीची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावू नका, रबरातल्या गंधकाने ती काळी पडतात. मलमलीच्या कापडात गुंडाळून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. दागिने उजळून देतो म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका, आणि रस्त्यात कोणी पोलीस असल्याचे सांगून दागिने रुमालात बांधायला लावले तर सरळ ओरडा. लॉकर उघडला की त्याच दिवशी मोबाइलवर संदेश येतो, तो पुसू नका. बाबा, यापुढे गुरुपुष्याला वळे घेऊन घडणावळीचे पैसे घालवण्यापेक्षा गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारातून घ्यायचे कागदोपत्री सोने घ्या, ते मी शिकवेन. तुमचे 2019 चे सरकारी सुवर्ण रोखे मात्र आठ वर्षे पुरी होईपर्यंत तसेच राहू द्या, अडीच टक्के व्याज वर मिळते आहे.

शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येत आहे. करारावर सह्या करायच्या आहेत, लॉकर बाबांच्या आणि माझ्या नावाने राहील आणि दोघांपैकी कोणालाही उघडता येईल. नामनिर्देशनाच्या रकान्यात आई, तुझे नाव घालणार आहे. तो केवळ फॉर्मचा भाग आहे, त्यावर विचार करत बसू नकोस. दोघांचे आधार कार्ड आणि दोन-दोन फोटो काढून ठेवा. डबा मी उचलेन, तुम्ही कोणी वाकू नका. मोहनमाळ मात्र डब्यात घालू नकोस, आई. गळ्यात घालून पदराखाली घेऊन चल, तिथे गेल्यावर मी माझ्या हाताने काढीन.

तुमची,
सुमी