देखरेखीतून सुटलेला बारावा सर्व्हर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आगोटीच्या कामांच्या बातम्या येऊ लागतात. वीजवाहिन्यांवर आलेल्या फांद्या तोडल्या का, गटारे उपसली का, दरडीचा धोका असलेल्या वाड्यांना नोटिसा गेल्या का, याचा पाठपुरावा आपले वार्ताहर नेटाने करतात. पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालये आणि नगरपालिका यांच्या इमारतींत अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरांचा आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा उल्लेख मात्र त्यांत आढळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात गेली अनेक वर्षे मी हेच काम करीत आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी ज्या संस्थेची यंत्रे सांभाळतो तिथे पूर्वी अकरा सर्व्हर होते. त्यांवर देखरेखीचा एजंट, म्हणजे डिस्क, मेमरी आणि चालू सेवा यांची माहिती मध्यवर्ती यंत्राला पुरवणारा छोटा प्रोग्राम, बसवण्याचे काम एका कंत्राटदाराला दिले होते. त्याच्या माणसाने चार दिवस खपून एकेका यंत्रावर लॉगिन केले, पॅकेज उतरवले, आदल्या यंत्रावरची सेटिंगची फाइल चिकटवली, सेवा सुरू केली आणि मध्यवर्ती यंत्रावर त्या सर्व्हरचे नाव हाताने टाइप केले. भिंतीवरच्या पडद्यावर अकरा हिरवे चौकोन उमटले, पेढे वाटले गेले आणि बिल मंजूर झाले.

पुढच्या वर्षी बॅकअपसाठी बारावा सर्व्हर आला. तो दुसऱ्याच कोणीतरी एका शनिवारी जोडून दिला. एजंटचे काय, असे मी फोनवर विचारले तेव्हा ‘नंतर बसवू’ असे उत्तर मिळाले आणि मीही ते ऐकून घेतले. जुलैत एका खातेवहीची जुनी प्रत हवी होती, तेव्हा लक्षात आले की बाराव्या सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली आहे आणि एकोणीस दिवस एकही बॅकअप झालेला नाही. पडद्याने कसलीच सूचना दिली नव्हती, कारण असा सर्व्हर अस्तित्वात आहे हेच त्या पडद्याला ठाऊक नव्हते.

अधिक तपास केल्यावर जे दिसले ते याहून लाजिरवाणे होते. जुन्या अकरांपैकी दोघांवरचा एजंट जूनमध्ये वीज गेल्यापासून बंदच होता. कंत्राटदाराच्या माणसाने त्या दोन यंत्रांवर सेवा सुरू केली होती, परंतु यंत्र पुन्हा चालू झाल्यावर ती आपोआप सुरू व्हावी ही खूण करायचे राहून गेले होते. पडद्यावरचे ते दोन चौकोन तेव्हापासून लाल होते. पण लाइट गेली की दोन-चार लाल होतातच, अशी आम्हा सर्वांची समजूत झालेली असल्यामुळे कोणी चौकशी केली नाही. त्या सर्वांत मीही आलो.

हा दोष एका कंत्राटदाराचा म्हणून सोडून देता येणार नाही. अकरा यंत्रांवर अकरा वेळा हाताने केलेले काम अकरा तऱ्हांचे होते, आणि सहा महिन्यांनी त्यातील कोणती तऱ्हा कुठे आहे हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. यावरचा उपाय संगणकक्षेत्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. मार्क बर्जेस यांनी ओस्लो येथे सीएफइंजिन तयार केले ते 1993 साली. त्यानंतर 2005 मध्ये पपेट, 2009 मध्ये शेफ आणि 2012 मध्ये ॲन्सिबल आले. या साधनांत प्रत्येक सर्व्हर कोणत्या स्थितीत असावा हे एका मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवायचे असते आणि ती स्थिती आणण्याचे काम साधन करते. ॲन्सिबलच्या प्लेबुकमध्ये, म्हणजे अशा फाइलीत, आमच्या एजंटविषयी जेमतेम तीस ओळी आहेत: अमुक आवृत्तीचे पॅकेज असावे, मांडणीची (सेटिंगची) फाइल या साच्यातून तयार व्हावी, सेवा चालू असावी, यंत्र सुरू होताच तीही सुरू व्हावी, आणि फाइल बदलली असेल तरच सेवेला रिस्टार्ट द्यावा. तेच प्लेबुक दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवले तर शेवटच्या गोषवाऱ्यात प्रत्येक यंत्रापुढे ‘चेंज्ड’ (बदलले) या शब्दाशी शून्य येते. ज्या दिवशी तिथे शून्य नसते, त्या दिवशी कोणीतरी मध्येच हात घातलेला असतो आणि त्याचा शोध घेता येतो.

आमचा बारावा सर्व्हर सुटला तो मात्र एजंट बसवण्याची पद्धत चुकली म्हणून सुटला नाही. यंत्रांच्या याद्या दोन होत्या, म्हणून तो सुटला: एक खरेदीच्या नोंदवहीतली आणि दुसरी देखरेखीच्या यंत्रात हाताने टाइप केलेली. आता ॲन्सिबलची इन्व्हेंटरी ही एकच यादी आम्ही मानतो. त्याच यादीवरून एजंट बसतो आणि त्याच यादीवरून प्रोमिथिअस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला कोणकोणत्या यंत्रांची विचारपूस करायची याची फाइल तयार होते. ती फाइल बदलली की प्रोमिथिअस ती स्वतःहून वाचतो, त्याला रिस्टार्टही लागत नाही. पपेट वापरणारे हेच वेगळ्या वाटेने साधतात. तिथे प्रत्येक यंत्र स्वतःची नोंद पुढे पाठवते आणि नागिओस या देखरेखीच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचे यंत्र त्या नोंदी गोळा करते. कोणतीही वाट धरली तरी यादी हाताने दोनदा लिहिण्याची वेळ येता कामा नये.

यातील कोणते साधन निवडावे, असे मला वारंवार विचारले जाते. कोकणात या प्रश्नाला एक जास्तीची बाजू आहे. ॲन्सिबल मध्यवर्ती यंत्रावरून एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीने, प्रत्येक सर्व्हरकडे जाते. खाडीपलीकडच्या शाखेची लाइन त्या क्षणी बंद असेल तर ते यंत्र ‘अनरीचेबल’ (संपर्काबाहेर) म्हणून मागे राहते. पपेटचा एजंट उलट दर अर्ध्या तासाने स्वतः मध्यवर्ती यंत्राकडे विचारणा करतो, त्यामुळे लाइन आली की मागे पडलेले यंत्र आपोआप रांगेत येते. असे असूनही दहा-वीस सर्व्हर असलेल्या संस्थेला मी ॲन्सिबलच सुचवतो, कारण ते नव्या माणसाला आठवड्याभरात वाचता येते, आणि रोज रात्री ठरल्या वेळी चालवले तर आज राहिलेले यंत्र उद्या गाठले जाते. पावसाळ्यात आमची एक शाखा सलग चार रात्री ‘अनरीचेबल’ दाखवत होती. पाचव्या रात्री ती मिळाली आणि काहीही न करता तिच्यावर नवी मांडणी बसली.

या साधनांचे धोके लपवून त्यांची भलामण करणे योग्य होणार नाही. जी वाट दुरुस्ती एका रात्रीत सगळीकडे पोहोचवते, तीच वाट चूकही तितक्याच वेगाने पोहोचवते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पडली. ते अपडेट अशा साधनातून गेलेले नव्हते, पण एकाच वेळी सर्वत्र पाठवण्याचा परिणाम त्यात दिसला. म्हणून आमच्याकडे कोणताही बदल आधी नुसता तपासून पाहिला जातो, मग कमी महत्त्वाच्या एका यंत्रावर जातो, आणि एक रात्र गेल्यावर इतरांवर दोन-दोन करून जातो. दुसरा धोका देखरेखीच्या सॉफ्टवेअरचाच आहे. 2020 मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या देखरेखीच्या प्रणालीच्या अपडेटमधूनच हल्लेखोर अमेरिकेच्या सरकारी खात्यांत शिरले होते. प्रोमिथिअससोबत वापरला जाणारा नोड एक्स्पोर्टर हा एजंट मूळ मांडणीत 9100 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचे दार, कोणत्याही पासवर्डशिवाय उघडे ठेवतो. ते फक्त देखरेखीच्या यंत्रालाच दिसावे, ही फायरवॉलची, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या भिंतीची, ओळ एजंटच्याच प्लेबुकमध्ये असायला हवी. आणि पासवर्ड प्लेबुकमध्ये उघडे लिहू नयेत, हे सांगावे लागू नये. परंतु मी पाहिलेल्या एका प्लेबुकमध्ये ते पहिल्याच ओळीत होते. पासवर्ड कुलूपबंद करून ठेवणारे ॲन्सिबलचे व्हॉल्ट नेमके त्यासाठीच आहे.

खास आपल्याकडची म्हणून आणखी एक गोष्ट त्या तीस ओळींच्या शेजारी आम्ही लिहिली आहे: घड्याळ. लाइट जाऊन यूपीएसही संपला की जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा बॅटरीसेल मेलेला असल्यास यंत्र उठते ते कित्येक वर्षे मागची तारीख घेऊन, आणि मग सुरक्षित जोडणीची डिजिटल प्रमाणपत्रे अमान्य ठरतात, लॉगमधल्या, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदींतल्या, वेळा जुळत नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावीत, लॉग 180 दिवस जपावेत आणि सायबर घटना 6 तासांच्या आत कळवावी, असे बंधन आहे. ज्या संस्थेला आपले किती सर्व्हर चालू आहेत हेच ठाऊक नाही, ती सहा तासांत काय कळवणार?

पडदा ज्या खोलीत आहे त्याच खोलीतल्या यूपीएसवर देखरेखीचे यंत्रही असते, हेही आपल्याकडे सर्रास दिसते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. अशा वेळी आतले यंत्र कोणाला सांगणार की ते स्वतःच बंद पडले आहे? म्हणून आमचे यंत्र दर काही मिनिटांनी जिल्ह्याबाहेरच्या एका छोट्या यंत्राला ‘मी आहे’ एवढाच निरोप पाठवते. निरोप थांबला की बाहेरचे यंत्र आम्हाला उठवते. तसेच क्षणभर लाइट गेली म्हणून कोणाच्याही फोनवर संदेश जात नाही, पाच मिनिटे स्थिती तशीच राहिली तरच जातो. हा बदल केल्यापासून लाल चौकोनाकडे लोक पुन्हा पाहू लागले आहेत.

संस्थांच्या संचालकांना आणि निविदा समित्यांना माझी विनंती खर्चाची नाही, कारण ॲन्सिबल, प्रोमिथिअस, नागिओस, झॅबिक्स ही सगळी मुक्तस्रोत साधने परवाना शुल्काशिवाय मिळतात. विनंती कराराच्या कागदाची आहे. सध्या देखभालीचा करार संपला की कंत्राटदार आपली प्लेबुके, असलीच तर, स्वतःच्या लॅपटॉपमध्ये घेऊन जातो आणि नवा कंत्राटदार पुन्हा एकेका यंत्रावर लॉगिन करीत बसतो. प्लेबुक, यादी आणि त्यांचा बदलांचा इतिहास संस्थेच्या मालकीचा राहील आणि संस्थेच्याच ताब्यात असेल, असे कलम निविदेत असावे. काम ताब्यात घेताना एक सुटे यंत्र कोरे करून संस्थेच्या माणसासमोर त्याच प्लेबुकवरून पुन्हा उभे करून दाखवायला लावावे. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात तळमजल्यावरच्या कार्यालयांचे काय झाले हे पाहिलेल्या कोणालाही ही अट जाचक वाटणार नाही.

आमच्या संस्थेने एक नियम आपणहून केला आहे. नव्या सर्व्हरचे बिल मंजुरीला येते तेव्हा त्या सर्व्हरचा चौकोन पडद्यावर उमटल्याचा छापील कागद फाइलीला जोडावा लागतो. आमचे लेखापाल त्याला ‘हिरवा कागद’ म्हणतात. गेल्या महिन्यात तेरावा सर्व्हर आला, तेव्हा पुरवठादाराचा माणूस संध्याकाळची एसटी गाठायच्या घाईत होता. लेखापालांनी त्याला चहा पाजला, पण तो कागद हाती येईपर्यंत सही केली नाही.

आपला,
एक वाचक व सर्व्हर व्यवस्थापक
जि. रत्नागिरी