काळ्या मेंदीचे पाकीट कोणी वाचायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील सौंदर्यप्रसाधनांविषयीचा लेख वाचला. ‘पाकिटावरील मजकूर वाचल्याशिवाय काहीही वापरू नये’ हा त्यातील सल्ला शिरसावंद्य आहे. परंतु लेखिकेने काळ्या मेंदीचे पंधरा रुपयांचे पाकीट कधी हातात धरून पाहिले आहे काय, अशी शंका आल्यावाचून राहिली नाही.

मी सहा वर्षे ही मेंदी बिनघोर लावत होते. गेल्या वैशाखात पुतण्याच्या मुंजीच्या दोन दिवस आधी नेहमीप्रमाणे लावली. रात्री टाळू खाजू लागली आणि सकाळपर्यंत कपाळ व पापण्या इतक्या सुजल्या, की डोळे उघडेनात. मुंजीच्या प्रत्येक फोटोत गॉगल लावून अक्षता टाकणारी जी बाई दिसते, ती मी. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पाकीट कुठे आहे?’ ते अर्थातच घंटागाडीत गेले होते.

मग तसेच दुसरे आणवले. दर्शनी बाजूस मेंदीची हिरवीगार पाने आणि मागे घटकांच्या यादीत पॅराफेनिलिनडायमाइन हे केस काळे करणारे रसायन! खरी मेंदी केसांना तांबूस छटा देते, तीही काही तास ठेवल्यावर. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी पूड हा मेंदीच्या नावावर खपणारा रासायनिक रंग असतो, हे मला साठी उलटल्यावर कळले. शिवाय या रसायनाची अ‍ॅलर्जी अनेक वर्षांच्या निर्धोक वापरानंतरही उद्भवू शकते आणि एकदा जडली की सहसा जात नाही, असे डॉक्टर म्हणाले.

या रसायनाचे केसरंग विकताना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही सावधानतेचा इशारा छापावा, भुवया किंवा पापण्यांना रंग लावल्यास अंधत्व येऊ शकते हे सांगावे आणि दर वेळी वापरण्यापूर्वी कानामागे वा हाताच्या आतील बाजूस किंचित रंग लावून २४ तास थांबण्याची सूचना सोबत द्यावी, असा नियम आपल्याकडे आहे. माझ्या पाकिटावर इशारा होता, हे प्रामाणिकपणे नमूद करते. तो खसखशीएवढ्या अक्षरांत, काळ्यावर चंदेरी शाईने, इंग्रजी व हिंदीत होता आणि नेमका त्या कडेला होता, जेथे कात्री चालवण्यासाठी ठिपक्यांची रेघ आखलेली असते. पाकीट उघडले की इशाऱ्याचे दोन तुकडे! हे मी दुकानदारास दाखवले, तेव्हा तो म्हणाला, ‘काकू, ही हर्बल आहे, हिला वाचायला काही लागत नाही.’ लेखिकेने एखादा परिच्छेद त्याच्यासाठीही लिहायला हवा होता.

जाता जाता आणखी एक. आपल्या त्याच लेखाच्या पाठच्या पानावर ‘रसायनमुक्त’ काळ्या मेंदीची अर्धे पान जाहिरात झळकली आहे. तिच्या तळाशी असलेली बारीक ओळ मी नातवाचे भिंग घेऊन वाचून पाहिली. ‘अटी लागू’ एवढेच लागले. पुढे शाई पसरली आहे.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा