नव्या सयपाकघराच्या लाइनबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दोन बल्ब अन् चार पॉइंट, त्याले कायचा कागद लागते?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. म्हटलं, लिहूनच पाठवावं. ताई रविवारी येते आहे, तिच्याजवळ हे पत्र देतो. फोनवर बाबा ऐकतात कमी आणि 'हो, हो' जास्त म्हणतात.

भिंती उभ्या झाल्या, टिना चढल्या, आता प्लास्टरच राहिलं हे ऐकून बरं वाटलं. मृगाच्या आत सगळं आटपायची बाबांची घाई मला समजते. एकदा पेरणी लागली की गवंडी मिळत नाही आणि घरात माणूस राहत नाही. पण प्लास्टर लाइनीच्या आधी होऊ देऊ नका. नंतर भिंत फोडण्यात पैसाही जातो आणि पाइप वाकडेतिकडे बसतात.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलायला कुणाचा परवाना लागत नाही, तशी सूट नियमातच आहे. पण नवी लाइन ओढणं, बोर्ड वाढवणं ही कामं परवानाधारक ठेकेदारानेच करायची आणि हात लावणाऱ्या वायरमनकडे सरकारी परमिट हवं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत हे होतं आणि 2023 साली नवे नियम आले त्यांतही आहे. आई म्हणेल, मग तूच ये ना बाप्पा, आयटीआय कशाला केलं? आई, कंपनीत मी दिवसभर पॅनल उघडतो, तरी आपल्या घरच्या टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे लाइन तपासल्याच्या कागदावर, माझी सही चालत नाही. आयटीआयचं प्रमाणपत्र वेगळं आणि ठेकेदाराचा परवाना वेगळा. विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात मात्र आपल्याला खेटे घालायचे नाहीत. आपल्या एका खोलीसाठी ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट पुरतो.

आता खरी भीती सांगतो. बाबा तालुक्याला जातील, कुणीतरी ओळखीचा निघेल आणि तो घरी पाऊलही न टाकता सही-शिक्का मारलेला रिपोर्ट हातात देईल. असं सर्रास चालतं. लोड वाढवायचा अर्ज त्यावर होऊनही जाईल. पण बाबा, मला तो कागद नको आहे, त्या कागदामागची मोजणी हवी आहे. मोजणी झाली नसेल तर तो रिपोर्ट म्हणजे नाडी न बघता लिहिलेली वैद्याची चिठ्ठी.

मोजतात काय, तर आधी मेन बंद करायचं, सगळ्या पिना काढायच्या, बल्ब काढायचे आणि मेगर, म्हणजे वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र, लावायचा. तो तारेवर 500 व्होल्टचा दाब देतो. मिनिटभर ठेवून काटा किंवा आकडा बघायचा. तार आणि अर्थिंग (गळका करंट जमिनीत सोडणारी जोडणी) यांच्यात निदान 1 मेगओहम यायलाच हवा. त्यापेक्षा कमी आला तर कुठेतरी वायर सोलली आहे, नाहीतर पाइपात ओल आहे. बाबा, तुम्ही त्या वेळी शेजारी उभे राहा आणि आकडा किती आला ते विचारा. जो खरंच मोजतो त्याला सांगताना काही वाटत नाही. मग प्रत्येक पिनेत अर्थ पोचतो का ते बघतात आणि बटण फेजवरच, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेवरच, आहे ना ते बघतात. बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर, असलं तर पंखा थांबतो, पण करंट पंख्यात बसून राहतो.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. इथे जरा जास्त लिहितो, कंटाळू नका. आपली माती काळी. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते आणि वैशाखात अशा भेगा पडतात की हात आत जातो. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती तशीच आकसते, पाइपापासून सुटते आणि करंटला जमिनीत जायला वाट राहत नाही. म्हणजे श्रावणात उत्तम असलेलं अर्थिंग ऐन कूलरच्या दिवसांत नुसतं नावाला उरतं. दर उन्हाळ्यात आपल्याकडच्या पेपरात कूलरचा शॉक लागून कुणी ना कुणी गेल्याची बातमी येते ती उगीच नाही. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, अनवाणी पाय. म्हणून मोजणी आत्ताच, मे महिन्यातच करून घ्या. पावसाळ्यात सगळ्यांचंच अर्थिंग पास होतं. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा-मीठ आणि वर पाणी टाकायला तोंड उघडं ठेवलेलं चेंबर, असं करून घ्या. न्हाणीचं पाणी जिथे जातं त्या बाजूला घेतलं तर आपोआप ओल राहील.

गावात अर्थिंग बघायची रीत म्हणजे फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावायचा. पेटला की झालं. पण तो बल्ब अर्धा ॲम्पिअरसुद्धा ओढत नाही. कमकुवत अर्थिंगवरही तो पेटतो. त्यावर भागवू नका, अर्थ टेस्टर लावायला सांगा. आणि चौकातला मोटार बाइंडिंगवाला पिनेतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतो, ते तर आपल्या घरात अजिबात होऊ देऊ नका. मोटार बांधण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण असं जोडल्यावर कधी न्यूट्रल तुटला, आणि आपल्याकडे वादळात तो तुटतोच, तर फ्रिजच्या दाराला हात लावायची सोय राहत नाही.

जुन्या बोर्डावरूनच पुढे लाइन न्यायचा बाबांचा विचार आहे, तो सोडा. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर आहे. तिला तांब्याची पिळली की तो जोड तापतो, काळा पडतो आणि एक दिवस धूर काढतो. शिवाय किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या पकडीत, बाबांनी घातलेली ती जाड तार मी पाहिली आहे. तेवढ्या तारेला फ्यूज म्हणायचं तर कुंपणाच्या तारेलाही म्हणावं लागेल! आईचं नवं इंडक्शन 2000 वॉटचं आहे, एकटंच नऊएक ॲम्पिअर ओढतं. त्यात दळणाची गिरणी एक एचपीची, मिक्सर, फ्रिज. सकाळी सगळं एकदम चालू झालं की साडेतीन-चार किलोवॉट सहज. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो तो बघा. आपला एवढा नक्कीच नसेल, म्हणजे अर्ज करावा लागेल आणि त्याला हाच टेस्ट रिपोर्ट लागेल.

म्हणून मीटरपासून थेट नव्या खोलीपर्यंत चार स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर घ्या. तिथे छोटा डीबी, म्हणजे खटक्यांची पेटी, बसवा, त्यात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि पुढे एमसीबी. एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही असं बाबांना वाटतं. एमसीबी हा भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, तो वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला की तोडणारा तो आरसीसीबी. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा आईने दाबायचं. खटका पडला पाहिजे. इंडक्शन आणि गिरणीला वेगवेगळे 16 ॲम्पिअरचे पॉइंट, अडीच स्क्वेअर वायरीवर. सगळा माल आयएसआय मार्कचा.

गवंड्याला एक सांगा. जुनी मातीची भिंत आणि नवी विटांची भिंत जिथे भेटते तिथे भेग पडणारच, काळ्या मातीवर ती कुणाला चुकली नाही. त्या सांध्यातून कडक पाइप सरळ नेला तर भेगेबरोबर तोही तुटतो आणि आतली वायर घासते. तेवढ्या जागी लवचीक पाइप टाका आणि वायर थोडी सैल सोडा.

आई, पॉइंट कुठे काढायचे ते तूच ठरव, बाबांना ठरवू देऊ नको. इंडक्शनची पिन मोरीपासून लांब हवी आणि गॅसच्या शेगडीच्या डोक्यावर नको. फ्रिज पडवीकडच्या भिंतीला ठेवलास तर दुपारचं ऊन लागेल. भिंतीवर खडूने खुणा करून ठेव, म्हणजे वायरमन आल्यावर चर्चा नको.

ठेकेदार नक्की करायच्या आधी त्याचा परवाना बघायला मागा, मुदत कुठवर आहे तेही वाचा. चार पैसे जास्त सांगेल. ते मी पाठवतो, कापूस विकल्यावर बघू असं म्हणू नका. बिलाचा आणि परवान्याचा फोटो ताईला काढायला सांगा, मग मी ठेकेदाराशी फोनवर बोलून घेतो. प्लास्टर तोवर थांबवा.

बाबांचा गुडघा कसा आहे ते कुणीच सांगितलं नाही. ताईजवळ तेल देतो आहे.

तुमचा,
धाकटा

ता. क. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढूनच भरा. नुसतं बटण बंद करून नाही.